तलवारीला ‘अलंकार’ का म्हणतात?

नवरात्रात तुळजापूरहून बातम्या येतात: आज देवीची मुरली अलंकार महापूजा, उद्या शेषशाही, मग भवानी तलवार. रथ आणि महिषासुरमर्दिनी धरून अशी पाच रूपं. ‘अलंकार म्हणजे दागिना’ एवढंच डोक्यात असेल तर ही बातमी बुचकळ्यात टाकते. रथ हा दागिना कसा? तलवार कुठल्या कानात घालतात?

हाच शब्द आणखी कुठे कुठे भेटतो ते पाहा. मराठीच्या पुस्तकात उपमा, रूपक, यमक हे अलंकार. गाण्याच्या क्लासात पहिल्याच महिन्यात घोटून घेतात ते ‘सारेग, रेगम’ हेही अलंकार, आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत विशारदच्या पुढची पदवी, तीही अलंकारच. सराफांच्या पाट्यांवर तर तो असतोच.

‘शोभेसाठी वरून घातलेली गोष्ट’ असा अर्थ धरला की सराफाचं काम भागतं, बाकीच्यांचं अर्धवटच. गळा तयार करण्यासाठी पहाटे उठून घोटायचे स्वर शोभेचे कसे म्हणायचे? ही अडचण शब्दाच्या मुळाशी गेल्यावर सुटते. तिथे ‘वरून घालणं’ नाही, ‘पुरेसं करणं’ आहे.

## एका अव्ययाचे चार अर्थ

अलंकार या शब्दात ‘अलम्’ हे अव्यय आहे आणि ‘कृ’ म्हणजे करणे हा धातू. शब्दशः ‘अलम् करणं’. आता अलम् म्हणजे काय? अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने एका ओळीत चार अर्थ दिले आहेत: ‘अलं भूषणपर्याप्तिशक्तिवारणवाचकम्’. भूषण, पुरेसेपणा, सामर्थ्य आणि मनाई.

संस्कृत न शिकलेल्या मराठी माणसालाही यातले तीन अर्थ सहज कळतात, कारण आपला ‘पुरे’ हा शब्द अगदी तसाच वागतो. ‘एवढं धान्य पुरे’ म्हणजे पर्याप्ती. ‘हा गडी त्याला पुरा पडेल’, ‘पुरून उरेल’ म्हणजे शक्ती. व्याकरणकारांचं ठरलेलं उदाहरण आहे ‘अलं मल्लो मल्लाय’, हा मल्ल त्या मल्लाला भारी पडेल. आणि ‘पुरे आता!’ म्हणजे मनाई. ‘अलं बाले रुदित्वा’, बाळे, रडणं पुरे. संस्कृत नाटकांच्या आरंभी सूत्रधार ‘अलमतिविस्तरेण’ म्हणतो, तो हाच.

चौथा अर्थ, भूषण, तेवढा ‘पुरे’मध्ये नाही. तो पाणिनीच्या काळापर्यंत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकापर्यंत, इतका रुळला होता की त्याच्यासाठी अष्टाध्यायी या त्याच्या व्याकरणात वेगळं सूत्र आहे: ‘भूषणेऽलम्’ (१.४.६४). त्याचा परिणाम गमतीचा आहे. अलम् भूषणाच्या अर्थी असेल तर ते कृ धातूशी समासात जोडलं जातं आणि रूप होतं ‘अलंकृत्य’, म्हणजे सजवून. मनाईच्या अर्थी असेल तर सुटं राहतं आणि रूप होतं ‘अलं कृत्वा’, म्हणजे करू नको, पुरे झालं. शब्द तेच, धातू तोच; एक जोडणी ‘सजव’ सांगते आणि दुसरी ‘थांब’. सजावट आणि ‘पुरे’ इतक्या जवळ राहतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

## त्याआधी होतं ‘अरम्’

ऋग्वेदात हा शब्द ‘र’ने येतो. पहिल्या मंडलातल्या दुसऱ्या सूक्ताची पहिलीच ऋचा वायूला बोलावते: ये, ‘इमे सोमा अरंकृताः’. हे सोम अरंकृत झाले आहेत. सोमरसाला कोणी हार घातलेले नाहीत. वल्ली कुटली, रस गाळला, आता प्यायला घ्यायचा. अरंकृत म्हणजे तयार, सिद्ध.

र चा ल होणं ही संस्कृतातली नेहमीची गोष्ट: रोम-लोम, शुक्र-शुक्ल, रोहित-लोहित. ‘अरम्’ आणि ‘अलम्’ एकच, हे कोणा आधुनिक पंडिताने शोधून काढलेलं नाही. वैदिक शब्दांची फोड करणारा प्राचीन निरुक्तकार यास्क याच ऋचेचा अर्थ सांगताना सरळ लिहितो, ‘अरंकृता अलंकृताः’.

अरम् मागे ‘ऋ’ हा धातू आहे, नीट जुळणे, जागच्या जागी बसणे अशा अर्थाचा. चाकाचे आरे (संस्कृत ‘अर’) आणि विश्वाची घडी या अर्थाचा ‘ऋत’ हे शब्द भाषाअभ्यासक याच कुळात ठेवतात. आरा हा चाकाच्या शोभेसाठी नसतो. तो मधल्या तुंब्यात आणि बाहेरच्या लाकडी कड्यात बरोबर बसला तरच चाक चालतं, सैल बसला तर गाडी वाटेतच बसते.

## मग दागिने मधे आले कसे?

‘तयार करणं’ पासून ‘सजवणं’ पर्यंतचा प्रवास समजायला जुने विधी उपयोगी पडतात. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात अंत्यविधींच्या भागात डोळ्यांसाठी अंजन आणि अंगाला लावायला स्निग्ध लेप देण्याचा प्रसंग आहे. तिथे म्हटलंय, हा माणसांचा अलंकार, आणि याने ते मृत्यूला आपल्यापासून दूर ठेवतात. अंजन दिसायला छान म्हणून घातलेलं नाही, मृत्यूच्या वाऱ्यातून परत आलेल्या माणसाला जगण्यासाठी सिद्ध करायला घातलं आहे. अथर्ववेदातलं (१.३५) सोनं बांधण्याचं सूक्तही तेच सांगतं: आयुष्यासाठी, तेजासाठी, बळासाठी, शंभर शरदांसाठी मी हे तुला बांधतो. ‘शोभेसाठी’ हा शब्द त्या यादीत नाही.

हा विचार आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. तान्ह्या बाळाच्या मनगटात काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या असतात त्या दृष्ट लागू नये म्हणून. छान दिसतात हा वरचा फायदा.

यान गोंडा या डच संस्कृततज्ज्ञाने १९३९ मध्ये अलंकार शब्दाच्या अर्थावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि हाच धागा पकडला: अलंकार मुळात समर्थ करतो, बळ देतो, सौंदर्याचा अर्थ मागून आला. त्याच वर्षी आनंद कुमारस्वामींनी ‘ऑर्नमेंट’ या शब्दाबद्दल अशीच मांडणी केली. लॅटिनमध्ये ‘ओर्नारे’ म्हणजे सज्ज करणं, सामग्रीने पुरं करणं. जहाजही ‘ओर्नारे’ करत. आपल्याकडे दुसरा पुरावा ‘साज’. घोड्याचा साज म्हणजे खोगीर-लगाम, ज्याशिवाय स्वारी नाही. गाण्यात साज म्हणजे वाद्यं. आणि कोल्हापुरी साज म्हणजे गळ्यातला दागिना. ‘सज्ज’ आणि ‘सजवणं’ यांचं नातं तर सांगायलाच नको.

आता तलवार घ्या. देवीने महिषासुराशी लढायचं तर शस्त्र हवं, शिवाजी महाराजांना तलवार द्यायची तर हाती तलवार हवी. त्या त्या रूपाला पुरं करणारी जी सामग्री, तिने देवीला सिद्ध करणं म्हणजे त्या दिवसाची अलंकार महापूजा. रथ, मुरली, शेष सगळे या अर्थात बसतात. कानातल्याच्या अर्थात एकही बसत नाही.

## पण हे ओढूनताणून नाही का?

हा आक्षेप रास्त आहे, दोन बाजूंनी.

एक म्हणजे, मूळ अर्थ हा काही खरा अर्थ नसतो. शब्द वापराने चालतात. आज ‘अलंकार विकायचे आहेत’ म्हटलं तर कोणी सोमरस दाखवणार नाही. तुळजापूरच्या पूजेची नावं ऋग्वेदातून थेट उतरली, असाही दावा करता येत नाही. एवढंच म्हणता येतं की शब्दाचा जुना पल्ला रुंद होता, आणि रोजच्या बोलण्यात तो दागिन्यापुरता आखडला तरी पूजा, कविता आणि गाणं या तीन ठिकाणी रुंदच राहिला.

दुसरं म्हणजे, दागिन्याचा अर्थही काही कालपरवाचा नाही. छांदोग्य उपनिषदात (८.८) प्रजापती देवांच्या इंद्राला आणि असुरांच्या विरोचनाला सांगतो, छान अलंकृत व्हा, चांगली वस्त्रं नेसा आणि पाण्यात पाहा. तिथे अर्थ सरळ सजण्याचाच आहे. विरोचन ते प्रतिबिंब म्हणजेच आत्मा समजून खुशीत निघून जातो. पुढे टोमणा येतो: असुर लोक प्रेताला वस्त्रांनी आणि अलंकारांनी सजवतात आणि समजतात की याने परलोक जिंकू. प्रेताच्या अंगावरचे हे दागिने पुढे दीड हजारांहून अधिक वर्षांनी काश्मीरमध्ये पुन्हा दिसतील.

## कवितेत: बांगडी की काठ?

भरताच्या नाट्यशास्त्रात काव्याचे अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढे यादी फुगत गेली, सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांपर्यंत ती शंभराच्या वर गेली. शाळेत आपण पाठ करतो तो या यादीचा एक कोपरा. खरा वाद यादीचा नव्हताच. वाद होता, अलंकार कवितेच्या आत की बाहेर?

त्यासाठी एक जोडी लक्षात ठेवायची: ज्याला सजवायचं ते ‘अलंकार्य’, ज्याने सजवायचं तो ‘अलंकार’. कवितेत ही दोन वेगळी काढता येतात का?

संस्कृत काव्यशास्त्रकार दंडी म्हणतो, काव्याला शोभा आणणारे धर्म म्हणजे अलंकार. आठव्या शतकाच्या अखेरीचा वामन आणखी पुढे जातो: ‘सौन्दर्यमलंकारः’, सौंदर्य हाच अलंकार. तो एक बारकावा सांगतो. अलंकार शब्द दोन तऱ्हांनी बनतो. ‘सजणं’ ही क्रिया म्हणूनही, आणि ‘ज्याने सजवतात’ ते साधन म्हणूनही. पहिला अर्थ घेतला तर अलंकार म्हणजे कवितेचं सौंदर्यच; दुसरा घेतला तर उपमा-यमकांची पेटी. नंतरचे बरेच गैरसमज या दोन अर्थांच्या सरमिसळीतून झालेत असं माझं मत आहे. शाळेतली ‘अलंकार ओळखा’ ही प्रश्नावली फक्त पेटी उघडते.

नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनी, म्हणजे सूचित अर्थ, हा काव्याचा आत्मा मानला आणि अलंकारांना ‘कटकादिवत्’ म्हटलं: कड्याबांगड्यांसारखे, शरीरावर घातलेले. इथे ‘वरून घातलेली गोष्ट’ हा अर्थ शास्त्रात ठाम झाला. पण त्यानेच लगेच अट घातली: खरा अलंकार ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’ असतो, त्याच्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही. म्हणजे नेमकं काय, ते पैठणीवरून कळतं. साडीला बाजारातून लेस आणून लावता येते. टाके उसवले की लेस हातात, साडी जशीच्या तशी. पैठणीचा काठ मात्र अंगाबरोबरच विणला जातो. काठाचा धोटा वेगळा, अंगाचा वेगळा, आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे दर फेरीला धागे एकमेकांत अडकवतात. काठ काढायचा म्हटलं तर साडी फाडावी लागेल.

हीच कसोटी ओळीला लावा: अलंकार काढा आणि काय उरतं ते पाहा. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके’ यातून अमृत आणि पैज काढली तर ‘माझी मराठी गोड आहे’ एवढं उरतं. पण ज्ञानेश्वरांना ते म्हणायचंच नव्हतं. पैज लावायची होती. पैज गेली की विधानच गेलं. याउलट ‘चंद्रासारखा सुंदर चेहरा’ मधला चंद्र काढून पाहा, काही हलत नाही. ती लेस.

## अलंकाराविना कविता होते का?

अकराव्या शतकातला मम्मट काव्याची व्याख्या करताना म्हणतो, दोष नसलेले, गुण असलेले शब्द आणि अर्थ, ‘अनलंकृती पुनः क्वापि’, कुठे कुठे अलंकार नसले तरी चालतील. आजच्या वाचकाला यात काही वावगं वाटणार नाही. ‘चंद्रालोक’ हा काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिणाऱ्या जयदेवाला मात्र हे इतकं झोंबलं की त्याने मम्मटाचाच शब्द फोडून त्याच्यावर उलटवला:

अङ्गीकरोति यः काव्यं शब्दार्थावनलंकृती ।
असौ न मन्यते कस्मादनुष्णमनलं कृती ॥

अलंकार नसलेल्या शब्दार्थांना जो काव्य म्हणतो, तो शहाणा अग्नी थंड असतो असं का नाही मानत? पहिल्या ओळीत ‘अनलंकृती’ म्हणजे अलंकार नसलेले. दुसरीत तीच अक्षरं ‘अनलं कृती’ अशी तुटतात: अनल म्हणजे अग्नी, कृती म्हणजे शहाणा माणूस. आक्षेप अलंकारासाठी, आणि तोही यमकात. आता या श्लोकातलं यमक काढून दाखवा, युक्तिवादच विझतो.

कोण बरोबर? मला वाटतं दोघं दोन वेगळ्या अर्थांनी बोलतात. मम्मट पेटीबद्दल बोलतो, जयदेव सौंदर्याबद्दल.

## चुकतं कुठे?

अलंकार फसतो तेव्हा नेमकं काय बिघडतं, याचं सर्वांत स्वच्छ निदान काश्मीरच्या अभिनवगुप्ताने आनंदवर्धनाच्या ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथावरच्या टीकेत केलं आहे. प्रेताला कुंडलं घातली तरी ते शोभत नाही, कारण सजवायला आत कोणी नाही. संन्याशाला कडी घातली तर हसू येतं, कारण ती त्याला शोभणारी नाहीत. दोन वेगळे आजार आहेत हे. सांगण्यासारखं काही नसताना लिहिलेलं भरजरी भाषण म्हणजे पहिला. अपघाताच्या बातमीत ‘काळाने घातलेला घाला’ आणि ‘रक्ताचा सडा’ म्हणजे दुसरा. पहिल्यावर औषध नाही. दुसऱ्यावर आहे: दागिना उतरवा. काव्यशास्त्रकार क्षेमेंद्र याच मुद्द्यावर गळ्यात कंबरपट्टा, कमरेला हार, हातात पैंजण आणि पायात बाजूबंद घातलेल्या बाईचं चित्र काढतो. दागिने सगळे खरे, जागा सगळ्या चुकीच्या. ‘अरम्’ मधलं जागच्या जागी बसणं इथे पुन्हा वर येतं.

आनंदवर्धनाने कवींसाठी सहा नियमही दिले आहेत (ध्वन्यालोक २.१८-१९). लिहिणाऱ्याने आजही टेबलावर ठेवावेत असे आहेत. अलंकार रसासाठी वापरावा. तो स्वतः मुख्य होता कामा नये. योग्य वेळी घ्यावा. योग्य वेळी सोडावा. शेवटपर्यंत रेटण्याचा हट्ट धरू नये. आणि रेटला गेलाच तर तो दुय्यमच राहिला आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावं. पाचवा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. अर्थसंकल्पाची बातमी ‘अर्थमंत्र्यांनी फ्रंटफूटवर खेळायला सुरुवात केली’ अशी उघडते, दुसऱ्या वाक्यात चौकार, तिसऱ्यात तिसरा पंच, आणि चौथ्या वाक्यापर्यंत कोणता कर वाढला ते कळत नाही. रूपक पहिल्या वाक्यात चूक नव्हतं. ते सोडायची वेळ दुसऱ्याच वाक्यात आली होती.

## गाण्यात: घोटायचे ते, गायचे ते

भरताने गाण्याचे अलंकार तेहतीस सांगितले आणि अलंकार नसलेलं गाणं चंद्राविना रात्र, पाण्याविना नदी, फुलांविना वेल आणि दागिन्यांविना स्त्री यांसारखं म्हटलं. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात ही संख्या त्रेसष्टवर नेली. त्याची व्याख्या कोरडी आणि म्हणूनच उपयोगी आहे: वर्णांची, म्हणजे स्वरांच्या चढण्या-उतरण्याची, विशिष्ट रचना म्हणजे अलंकार. शोभेचा शब्दही नाही.

आजचा विद्यार्थी करतो तेही हेच. एक आकृती घ्यायची आणि ती एकेक स्वर वर सरकवायची: सारेग, रेगम, गमप, मपध, पधनि, धनिसां. चढताना सहा तुकडे, उतरताना सांनिध, निधप, धपम, पमग, मगरे, गरेसा असे सहा. आधी विलंबित लयीत प्रत्येक स्वर सुटा, मग दुगुन म्हणजे दुप्पट लयीत, मग नुसत्या ‘आ’कारात. लय वाढवायची घाई केली की तुकड्यातला मधला स्वर गिळला जातो; तो ऐकू येत नसेल तर लय उतरवायची. इथे अलंकार गाण्यावर काही चढवत नाही. गळ्याला ‘अलम्’ करतो, पुरा पाडतो.

पण हीच आकृती रागात नेताना तिला रागाप्रमाणे बसवावी लागते. भूपात म आणि नी वर्ज्य आहेत, म्हणून तीच आकृती सारेग, रेगप, गपध, पधसां अशी चारच तुकड्यांची होते. इतकं सोपं. दरबारी कानड्यात मात्र ती चालतच नाही. उतरताना तिथे सां नि ध प असं सरळ खाली येता येत नाही. सां, ध नि प, म प, ग म रे सा असा वळणाचा रस्ता आहे, आणि गंधार झोके घेत, आंदोलित लावायचा. ‘सांनिध, निधप’ लावलं तर एकेक स्वर सुरात असूनही दरबारी राहत नाही. तिथे तयारी करायची ती ‘ग म रे सा’ एवढ्याच तुकड्याची, गंधारावर थांबून, आणि पलटा, म्हणजे ती सरकती आकृती, क्लासमध्येच ठेवून.